वाळुंज कसा लावावा आणि कसा वाढवावा

सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या आणि नद्यांच्या काठी उभा असणारा वाळुंज, म्हणजे ‘सॅलिक्स टेट्रास्पर्मा’, हा आपला देशी विलो. त्याची लागवड अवघड नाही. चूक होते ती जागा निवडताना, म्हणून आधी जागा पाहावी. भरपूर ऊन आणि बारमाही ओल असलेला शेततळ्याचा किंवा ओढ्याचा काठ उत्तम, कारण तेथे त्याची मुळे ढासळती दरडही धरून ठेवतात. मात्र हीच मुळे पाण्याच्या मागावर लांबवर जातात, तेव्हा घर, विहीर, जलवाहिनी आणि शौचालयाची टाकी यांपासून निदान 10 मीटर अंतर सोडावे.

बियांच्या वाटेला जाऊ नये. कापसासारखे तंतू असलेले ते बारीक बी थोड्याच दिवसांत उगवण्याची ताकद गमावते. नवी पालवी फुटण्याआधी, गेल्या वर्षी वाढलेल्या निरोगी फांदीचे अंगठ्याएवढ्या जाडीचे, साधारण 30 सेंमी लांबीचे छाट घ्यावेत. नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि छाट मूळ झाडाचेच लिंग घेऊन येतो, त्यामुळे अंगणाजवळ कापूस उडायला नको असेल तर फुलोऱ्याच्या वेळी पिवळ्या परागांचे नर झाड हेरून ठेवावे. खालचा काप तिरका आणि वरचा सरळ द्यावा. हा नुसता नीटनेटकेपणा नव्हे: पाने गळलेल्या काडीची दिशा सहज विसरते आणि मग छाट उलटा खोचला जातो.

छाटाचा दोन तृतीयांश भाग ओल्या मातीत जाईल आणि वर दोन-तीन डोळे राहतील असा तो खोचून भोवतीची माती पायाने दाबावी. मुळे फुटण्यासाठी संजीवकाची गरज नसते.

पहिली दोन वर्षे आळ्यातली माती सुकू देऊ नये, वाळलेल्या पाल्याचे आच्छादन करावे आणि गुरे पाला ओरबाडतात म्हणून काटेरी कुंपण घालावे. लाकूड ठिसूळ असल्याने एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या पानगळीत काढाव्यात. खोडाला छिद्र पडून भुसा गळताना दिसला तर आत खोडकिडा आहे असे समजून तार घालून तो मारावा व छिद्र चिखलाने बुजवावे. पानांवरच्या काटेरी अळ्यांवर मात्र औषध फवारू नये; त्यांतल्या काहींची पुढे काळ्या ठिपक्यांची नारिंगी फुलपाखरे होतात, आणि कुरतडलेल्या डहाळीला वाळुंज लवकरच पुन्हा पालवी आणतो.