अंतराळातल्या साहसकथांचं विडंबन लिहायचंय? मग असं करा

आधी एक बघा, ज्याची टिंगल करायची त्याच्यावर तुमचा जीव पाहिजे. शूर कॅप्टन, लेझर बंदुका, शेवटच्या सेकंदाला बंद होणारा बॉम्ब हे सगळं कधीतरी श्वास रोखून वाचलेलं असेल तरच जमतं, नाहीतर नुसता कुचकटपणा होतो आणि तो लगेच कळतो.

मग एकच घिसापिटा नियम उचला, दहा नको, आणि तो खरा धरून पुढे काय काय होईल ते बघत जा. म्हणजे कसं, अंतराळात हवा नाही म्हणून आवाज पोचत नाही, पण कथेतल्या लढाईत धडाम हे हवंच. आता तुमच्या कथेत शत्रूचं यान फुटतं तेही गपचूप, आपण जिंकलो हे कुणाला कळतच नाही, म्हणून कॅप्टन एक माणूस नेमतो ज्याचं काम खिडकीशी बसून माईकवर "धडाम" म्हणायचं. आणि ऐन लढाईत त्याचा घसा बसतो. तो कसाबसा "ढुस्स" म्हणतो, तोफेवरच्यांना वाटतं नेम चुकला, ते फुटलेल्या यानावरच मारत सुटतात आणि दारूगोळा संपतो. कॅप्टन ओरडतो तेव्हा तो म्हणतो, "सर, आवाज बसलाय पण मी मनापासून म्हणत होतो." त्याला आपण विनोदी आहोत हे माहीतच नाही. ते तसंच ठेवा, पात्रं डोळे मिचकावायला लागली की मजा गेली.

खरं विज्ञान थोडं तरी वाचाच, तिथे फुकटचा माल पडलाय. लघुग्रहांचा पट्टा घ्या, कथांमध्ये तिथे दगडांची नुसती गर्दी असते, प्रत्यक्षात दोन दगडांमध्ये लाखो किलोमीटर अंतर असतं, पायोनियर १० यान १९७२ साली त्यात शिरलं आणि सुखरूप पार झालं. मग तुमचा पायलट हँडल घट्ट धरून, घाम पुसत, तीन आठवडे काहीही न चुकवता बसलाय असं दाखवा. किंवा मंगळ, तिथून पृथ्वीवर रेडिओ संदेश यायला अंतराप्रमाणे साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, तेव्हा "शरण या!" म्हणून दरडावलं की संदेश जाऊन उत्तर येईपर्यंत कधीकधी पाऊण तास तोच रागीट चेहरा ठेवायचा.

परग्रहवासीयांची उच्चारता न येणारी नावं मात्र मला आता शिळी वाटतात, टाळा.

लिहून झालं की मोठ्याने वाचा आणि जिथे विनोद समजावून सांगितलाय ते वाक्य सरळ काढून टाका, माझ्या लिखाणात ते बहुतेक वेळा परिच्छेदाच्या शेवटीच सापडतं.