मुलांना स्वयंपाक शिकवताय? या चुका टाळा

मुलांच्या स्वयंपाकवर्गात सगळ्यात मोठी चूक पहिल्याच दिवशी होते. ताई करून दाखवतात, मुलं गोल करून बघत बसतात आणि शेवटी प्रत्येकाला वरून कोथिंबीर पेरायला मिळते. न्यायला आलेल्या आईबाबांना ताटात काहीतरी देखणं दिसावं, म्हणून वाकडी झालेली भाकरी हळूच बाजूला सरकवली जाते. माझं याबाबतीत मत ठाम आहे. पदार्थ बिघडला तरी चालेल, पण तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत मुलाच्या हातून झाला पाहिजे. पदार्थ लहान निवडा आणि हाताला काम भरपूर द्या. एका वेळी सात-आठच मुलं घ्या, दोन मोठी माणसं हजर ठेवा आणि सहा-सात वर्षांची मुलं दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर बसवू नका. मोठी मुलं हातातलं काम ओढून घेतात आणि धाकटी रडवेली होतात.

नुसत्या बिनआगीच्या पदार्थांवर वर्ग चालवणं

भेळ, सँडविच, बिस्किटांचा केक. सुट्टीतले बरेच वर्ग एवढ्यावरच संपतात. विस्तवाची भीती योग्यच आहे, पण आपल्या घरचं काय कमी आहे? आपली सोलापुरी शेंगांची चटणी घ्या. दाणे मंद आचेवर भाजून देणं हे तुमचं काम, पुढचं सगळं मुलांचं. गार झालेले दाणे तळहातांत चोळायचे, सुपात घेऊन फोलं पाखडायची, लसूण सोलायचा, खलबत्त्यात कुटायचं. पाखडताना सगळी फोलं शेजारच्याच्या केसांत जातात, म्हणून हे काम गच्चीत किंवा अंगणात काढा.

कुटताना तीन गोष्टी बिघडतात. खलबत्ता गच्च भरला तर दाणे उडतात, म्हणून तो एक तृतीयांशच भरा. तो सरकत असेल तर खाली ओलं फडकं घडी करून घाला. आणि हात दुखले म्हणून मुलांनी मिक्सर मागितला, तर लगेच देऊ नका. मिक्सर थांबवून थांबवून फिरवला नाही तर दाण्यांचा चिकट गोळा होतो. खलबत्त्यात सावकाश कुटलं की दाणा रवाळ राहतो, तेलही सुटतं आणि आपल्या चटणीची ती चव येते.

तिखट मात्र शेवटी आणि तुमच्याच हाताने घाला, घरच्यापेक्षा निम्मं. ते हाताला लागून झोंबत असेल तर नुसतं पाणी उपयोगाचं नाही. तिखटातला झोंबणारा अंश तेलात विरघळतो, म्हणून आधी थोडं गोडं तेल चोळायचं, मग साबणाने हात धुवायचे. डोळ्यात गेलं तर फक्त स्वच्छ पाण्याने धुवत राहायचं.

अ‍ॅलर्जीचं न विचारणं

आपल्याकडे शेंगदाणा इतका रोजचा आहे की त्याची कुणाला अ‍ॅलर्जी असेल हे मनातच येत नाही. प्रवेश देतानाच पालकांना थेट विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. ‘काही नाही हो’ एवढ्यावर थांबू नका. दाणे, दूध, अंडं, गहू, तीळ अशी नावं घेऊन विचारा. ज्या मुलाला दाण्याची अ‍ॅलर्जी आहे, ते वर्गात असताना चटणीचा दिवस ठेवूच नका, नुसतं लांब बसवून भागत नाही. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली किंवा श्वास लागला तर वाट न बघता दवाखाना गाठा. कांदा-लसूण न खाणारी घरंही असतात, तेही याच वेळी कळतं.

भाकरीला घाबरणं

आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अशी ज्वारी ज्या जिल्ह्यात पिकते, तिथल्या मुलांनी वर्गात येऊन तयार पिझ्झा बेसवर सॉस फासावा, याचं मला खरंच वाईट वाटतं. भाकरी अवघड आहे म्हणून ती टाळली जाते. पण नेमकं कुठे बिघडतं ते कळलं तर नऊ-दहा वर्षांचं मूल छान भाकरी थापतं.

थापताना भाकरी चिरते, कारण ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. पीठ ताणलं जात नाही. त्याला धरून ठेवतो तो गरम पाण्याने चिकट झालेला स्टार्च. म्हणून मुलांसाठी उकड काढून घ्या. एका वाटी पिठाला पाऊण ते एक वाटी उकळतं पाणी तुम्ही घाला, दहा मिनिटं झाका, कोमट झालं की मळायला मुलांच्या हाती द्या. बोटांनी चिवडू देऊ नका, तळहाताच्या टाचेने रगडायला सांगा. तरीही चिरत असेल तर पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली आहे. महिनाभर डब्यात पडलेलं पीठ वर्गाला आणू नका, आदल्या दिवशी गिरणीतून दळून आणा.

भाकरी फुगत नसेल तर बहुधा मधे पातळ आणि कडेला जाड झालेली असते. मुलांची बोटं मधेच जास्त चालतात. कडेकडेने थापायला सांगा आणि आकार पुरीएवढाच ठेवा. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर हवी, आणि तिच्यावर पाणी लगेच फिरवायला हवं, उशीर झाला की तडे जातात. पाणी फिरवणं मोठ्यांचंच काम. उलथन्याने उलटणं मोठ्या मुलांना जमतं, शेजारी उभं राहून करू द्या.

मे महिना आणि पाणी विसरणं

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. दुपारचा वर्ग ठेवूच नका, सकाळी आठला सुरू करून दहाला संपवा. पंखा लावला की गॅसची ज्योत फडफडते, कधी विझते आणि गॅस तसाच सुटत राहतो. इंडक्शन हा चांगला पर्याय, फक्त त्यावर सपाट बुडाचंच भांडं चालतं. भाकरीचा खोलगट तवा त्यावर नीट तापत नाही, हे वर्गाच्या आधी तपासा. दह्याचे पदार्थ ताबडतोब संपवा, डब्यात घालून घरी पाठवू नका.

नळाला पाणी आपल्याकडे रोज येत नाही, त्यामुळे पाणी येण्याचा दिवस बघून वर्ग ठेवा आणि तोटी असलेली पाण्याची टाकी भरून हाताशी ठेवा. ही फक्त भांड्यांसाठी नाही. हात भाजला तर तो वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा लागतो. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद-तेलही नको. गरम भांडं ओल्या टॉवेलने धरायची सवय मुलांना लागू देऊ नका. ओल्या कापडातून चटका पटकन बसतो.

सुरीबद्दल थोडक्यात: बोथट सुरी सुरक्षित वाटते, पण ती टोमॅटोवरून घसरते आणि बोटावर येते. लहान, धारदार सुरी द्या, बोटं आत दुमडून धरायला शिकवा, आणि सात-आठ वर्षांखालच्यांना उकडलेला बटाटा किंवा केळं कापू द्या. कट्टा मुलाच्या कोपरापेक्षा उंच असेल तर पाट देण्यापेक्षा खाली सतरंजीवर बसवणं बरं.

सोलापूरच्या पूर्व भागात वर्ग घेत असाल तर बरीच मुलं घरी तेलुगू बोलणारी असतील, काही कन्नडही. फळ्यावर लांबलचक कृती उतरवून घ्यायला लावू नका. वाटी दाखवा, मूठ दाखवा. आणि त्यांच्या घरी भाकरी किंवा चटणी कशी होते ते त्यांनाच विचारा, एखाद्या दिवशी तीच पद्धत करा.

आवरण्यासाठी शेवटची वीस मिनिटं राखून ठेवा. ओटा पुसणं, खलबत्ता घासणं, परात विसळणं हे मुलग्यांनी आणि मुलींनी दोघांनीही करायचं. आई दारात गाडीवर थांबली असेल तर तिला आत बोलावून बसवा, पण मुलाला परात विसळून झाल्यावरच सोडा.