गोल्फ क्लबवर रणजी आणि डिकीतली मिसळ

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर रणजीचा सामना असला की लंचला आमची मिसळ गाडीच्या डिकीशी असते. पहिल्या वर्षी मी गॅसची छोटी शेगडी नेली, तिथेच चुकलं. वाऱ्याने आच टिकेना, कट कोमटच राहिला आणि माणसं वाट्या हातात घेऊन उभी. पहिला पाव मोडला तेव्हा आत खेळ सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. तेवढ्यात महाराष्ट्राच्या दोन विकेट गेल्या. भाऊजी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

माझा भाचा अमेरिकेत असतो. तिकडे फुटबॉलच्या सामन्याआधी लोक स्टेडियमच्या पार्किंगमध्ये गाडीचं मागचं झाकण उघडून शेगड्या मांडतात, त्याला टेलगेट म्हणतात. सामना सुरू व्हायच्या कितीतरी तास आधीपासून त्यांचं भाजणं-खाणं चालतं. आपलं तसं नाही. रणजीचा खेळ साडेनऊला सुरू झाला की लंच 11:30 ते 12:10. चाळीस मिनिटांत बाहेर यायचं, खायचं, हात धुऊन परत आत जाऊन बसायचं. म्हणून माझा नियम एकच: मैदानाशी काहीही शिजवायचं नाही, फक्त वाढायचं.

दिवस शनिवारचा धरा. चार दिवसांचा सामना बहुतेक गुरुवारी सुरू होतो. रविवारवर विसंबलात आणि तीन दिवसांतच निकाल लागला, तर मोड आलेली मटकी घरात घेऊन बसाल.

खाली बारा माणसांचा हिशेब देते. आमच्यात चार पोरं आहेत, पण ती मोठ्यांएवढीच खातात.

मटकी पाऊण किलो. जानेवारीत नाशिकची थंडी मोड येऊ देत नाही, म्हणून गुरुवारी सकाळीच कोमट पाण्यात भिजवा. संध्याकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधा, पुरचुंडी डब्यात ठेवा आणि डब्याला जुनी शाल गुंडाळा. आमचा डबा फ्रिजच्या मागे, जिथे ऊब असते तिथे असतो. शुक्रवारी एकदा पाण्याचा हबका मारायचा. शनिवारी पहाटे बोटाच्या पेराएवढे मोड येतात.

वाटण शुक्रवारी संध्याकाळी करा. मोठे पाच कांदे उभे चिरून, दीड वाटी सुकं खोबरं, दोन गड्ड्या लसूण, दोन इंच आलं, मूठभर कोथिंबिरीच्या काड्या. या दिवसांत बाजारात लाल कांदा असतो. उन्हाळ कांद्यापेक्षा त्याला पाणी जास्त, त्यामुळे तो परतायला दहा मिनिटं जास्त लागतात. घाई करू नका. कांदा गुलाबीवर काढलात तर कट गोडसर होतो आणि मग लोक तिखट ओतत बसतात. खोबरं वेगळं, मंद आचेवर, पार तपकिरी होईपर्यंत भाजा; काळं मात्र होऊ देऊ नका, कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही.

शनिवारी साडेसहाला उठायचं. मोठ्या पातेल्यात पाव लिटर तेल, मोहरी, हिंग, मग वाटण. तेल सुटेपर्यंत परतून चार चमचे काळा मसाला आणि दोन चमचे लाल तिखट. मसाला घालताना आच बारीक ठेवा आणि लगेच वाटीभर पाणी मारा, तरच तर्रीला रंग चढतो. मग तीन लिटर कढत पाणी, मीठ, आणि वीस मिनिटं खळखळून उकळी. माझ्या जाऊबाई यात गूळ घालतात. मी घालत नाही, आणि यावर आमच्या घरी चर्चा बंद आहे.

मटकी वेगळी, सुकीच ठेवायची. तेलावर मोहरी, हिंग, हळद, मटकी, मीठ. झाकणावर पाणी ठेवून बारा-पंधरा मिनिटं. कुकरला हात लावू नका, एका शिट्टीत पिठलं होतं. दाबल्यावर दाणा फुटला पाहिजे, पण मोड अखंड दिसला पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं भांडं. लग्नकार्यात चहासाठी असतो तसा पाच लिटरचा स्टीलचा थर्मास भांडीवाल्याकडून भाड्याने आणा. त्यात आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, ओतून द्या आणि मग कट भरा. पातेल्यातून थेट, उकळता. गार थर्मासात भरलात तर तो आधी थर्मासालाच तापवत बसतो. आणि तोटीतून वाढू नका, तर्री वर तरंगते आणि तोटीतून नुसतं खालचं येतं. झाकण काढून, ढवळून, डावाने घ्या. त्याआधी थर्मास चहाच्या वासाचा नाही ना, हे हुंगून बघा. एकदा आम्ही वेलची मिसळ खाल्ली आहे.

बाकीचं पटकन सांगते. पाव माणशी तीन आणि वर सहा, म्हणजे 42, बेकरीतून सकाळीच. शेव-फरसाण एक किलो, घट्ट झाकणाच्या डब्यात. पापड घरूनच तळून. दही अर्धा किलो, बारीक चिरलेला कांदा, लिंबं दहा. वाट्या स्टीलच्याच घ्या, कागदी द्रोण तर्रीला दाद देत नाहीत. उष्ट्या भांड्यांसाठी गोणी, कचऱ्यासाठी वेगळी पिशवी, पाण्याचा जार, सतरंजी, आणि पुसायला ओलं फडकं. नाश्ता घरीच करून निघा.

गाडी झाडाच्या सावलीत लावा, पण सावली साडेअकराला कुठे असेल ते बघून. सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी तेच ऊन चटके देतं. खायचं डिकीशी, बाहेरच. आत काय नेऊ देतात ते फाटकावरच विचारा. आमचे अण्णा, म्हणजे सासरे, तिथे रांगेत नातवंडांना दरवर्षी तेच सांगतात: मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरेंचं नाव का, आणि 21 डिसेंबर 1909 ला त्यांनी इथल्याच विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या कशा झाडल्या. सगळं नाशिक गोल्फ क्लब म्हणतं याचा त्यांना राग आहे. घरी स्वतःही तेच म्हणतात.

मांडामांड सव्वाअकराला सुरू करायची. क्रिकेटमधलं मला फार कळत नाही, पण एक पक्कं कळलंय: लंचला दहा मिनिटं किंवा कमी उरली असताना डाव संपला, तर लंच तेव्हाच घेतात. दहावी विकेट 11:22 ला पडली तर माणसं त्याच क्षणी डिकीशी हजर. त्यामुळे समोर नववा गडी बाद झाला की मी मैदानाकडे पाठ फिरवून वाट्या लावायला घेते.

वाढायची साखळी ठरवून ठेवा. एकाने मटकी, दुसऱ्याने फरसाण-कांदा, तिसऱ्याने कट. डाव माझ्याच हातात असतो. पोरांना आधी, दह्यासकट. तिघांत बारा वाट्या पाच मिनिटांत होतात.

2:10 ला चहाची सुट्टी वीस मिनिटांची. चहा घरून नेऊ नका, थर्मासात दुधाचा चहा मरतो, टपरीवरचाच घ्या. सोबत संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू आणि घड सोडवून धुतलेली द्राक्षं. हंगामाच्या सुरुवातीची आंबट निघतात, घेताना एक दाणा चाखा.

कट उरतोच, साधारण लिटरभर. घरी आल्यावर उकळून फ्रिजमध्ये टाका आणि रविवारी त्यात उकडलेली अंडी सोडा. अंडी घरात आहेत ना, ते मात्र शुक्रवारीच बघून ठेवा.