वरून गळतंय? फरशी फोडण्याआधी पाणी कुठलं ते ओळखा

बाथरूमच्या छताला ओल दिसली की लोक आधी वरच्या घराची बेल वाजवतात आणि मग प्लंबरला बोलावतात. वरच्यांची फरशी फुटते, नवीन टाइल्स लागतात, आणि महिन्याभरात पोपडे पुन्हा निघायला लागतात. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीची इमारत १९८०च्या दशकातली आहे. तिथलं दुरुस्तीचं काम मी बघते. शेजाऱ्यांचे संबंध या एका कारणाने तुटताना पाहिलं की फार वाईट वाटतं, कारण दोन-तीन दिवस धीर धरला तर गळती कुठली आहे ते बहुतेक वेळा घरच्या घरी कळतं.

पाणी तीन प्रकारचं असू शकतं: टाकीतून येणारं, मोरीतून जाणारं किंवा पावसाचं. पावसाचं ओळखणं सोपं. जून ते सप्टेंबर गळतं, दिवाळीपर्यंत सुकतं. तिथे गच्ची आणि बाहेरची भिंत बघायची, बाथरूमला हात लावायचा नाही.

उरलेल्या दोघांसाठी रात्र उपयोगी पडते. अकरा ते सहा कोणी नळ वापरत नाही. थेंब पडतात तिथे बादली ठेवा. पहिल्या रात्री गच्चीवरच्या टाकीचा त्या लाइनचा व्हॉल्व्ह चालू ठेवा, दुसऱ्या रात्री बंद करा. त्या लाइनवर बाकीचे मजलेही असतात, म्हणून सगळ्यांना आधी सांगा आणि गिझरची बटणं बंद करायला लावा. दुसऱ्या रात्री गळती स्पष्ट कमी झाली, तर दोष नळाच्या पाइपात आहे. दोन्ही रात्री फरक नाही, उलट सकाळच्या आंघोळींनंतर गळती वाढते, पाण्याला वास येतो, तर मोरीचं पाणी.

मोरीचं ठरलं तरी लगेच फोडू नका. नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतल्या जाळीखालचं पाणी जाण्याचं भांडं गळतंय की फरशीच्या सांधी, हे ठरवायचं अजून बाकी आहे. वरच्या काकूंना विनंती करून खायचा हिरवा रंग बादलीत कालवा. लाल किंवा पिवळा नको, गंजाच्या डागात तो ओळखू येत नाही. हे पाणी नळीने थेट ट्रॅपच्या तोंडात सोडा, फरशी भिजू द्यायची नाही. खाली हिरवं आलं तर ट्रॅप किंवा त्याचा पुढचा सांधा गेलाय. काही आलं नाही, तर दोन दिवसांनी ट्रॅपच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कपडा घट्ट बसवा, फरशीवर इंचभर रंगीत पाणी साठवा आणि चोवीस तास थांबा. आता खाली रंग उतरला तर दोष फरशीत. अशा वेळी सांधी खरवडून नीट ग्राउट (टाइल्सच्या फटींत भरायचा मसाला) भरल्यावर भागतं का ते आधी पाहावं. खालचं वॉटरप्रूफिंगच गेलं असेल, तरच फोडावं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. जुन्या बाथरूमच्या फरशीखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो आणि तो पाणी धरून ठेवतो. दुरुस्ती अगदी बरोबर झाली तरी खाली आठ-पंधरा दिवस थेंब पडू शकतात. तेवढ्यात प्लंबरला दोष देऊ नका आणि खालच्या छताला रंगही लावू नका.

खर्च कोणाचा, यावरून सभा तापतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत हे स्पष्ट आहे: पावसाची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, घरातल्या संडास-सिंकमुळे होणारी त्या सदनिकाधारकाने. म्हणूनही कारण आधी ठरलेलं बरं.

आता पाइपांविषयी. आमच्यासारख्या १९८०च्या दशकातल्या इमारतींत बहुधा जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी पाइप आहेत. थर संपला की आतून गंजाच्या गुठळ्या चढतात आणि अर्ध्या इंचाच्या पाइपात पेन्सिलीएवढी वाट उरते. सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतं ते यामुळेच. धार एकाच नळाची बारीक असेल तर आधी नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा, मग अँगल कॉक, म्हणजे भिंतीजवळची छोटी बंद-चालू तोटी तपासा. पूर्ण घराचीच बारीक झाली असेल, तर दोष पाइपात असण्याची शक्यता मोठी. सर्वांत वरच्या मजल्याची गोष्ट वेगळी. टाकी नळापासून दहा मीटर वर असेल तेव्हा कुठे दर चौरस सेंटीमीटरला एक किलोच्या आसपास दाब मिळतो, आणि त्यांच्या डोक्यावर ती जेमतेम तीन-चार मीटर असते. तिथे प्रेशर पंप बसवायचा असेल तर आधी पाइप बदला, नाहीतर गंजलेला पाइप त्या दाबाने फुटेल.

जीआयचा फक्त एक तुकडा बदलायला गेलात तर पाना फिरवताना शेजारचे आटे तुटतात आणि काम वाढत जातं. त्यापेक्षा पूर्ण लाइन बदलावी. गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा प्लास्टिकचा पाइपच घ्या, साधा यूपीव्हीसी प्लास्टिक पाइप तिथे चालत नाही. पाइप भिंतीत गाडण्याऐवजी क्लॅम्प मारून बाहेरून न्यावेत असं माझं ठाम मत आहे. दिसायला कमी सुंदर असेल, पण पुढची गळती डोळ्यांना दिसेल.

सिंक तुंबलं की ॲसिड ओतू नका. ब्लीचिंग पावडरबरोबर ते मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. सिंकखालचा बाटलीसारखा ट्रॅप फिरवून काढा, साचलेलं तूप-भात बाहेर काढा, पुन्हा बसवा. बाहेरच्या बिडाच्या पाइपांवर पिंपळाचं रोप दिसलं तर ते दोन पानांचं असतानाच मुळासकट काढा, मुळं सांध्यात घुसली की सांधा उघडतो. घरातला मुख्य व्हॉल्व्ह वर्षातून दोनदा तरी फिरवत राहा, नाहीतर ऐन वेळी स्पिंडल, म्हणजे त्याचा फिरवायचा दांडा तुटून हातात येतो.

आणि भिंतीतून पाइप न्यावेच लागले, तर टाइल्स लावण्याआधी टेस्टिंग पंपाने दाब देऊन पंपाच्या मीटरचा काटा तासभर जागचा हलत नाही ना ते स्वतः उभं राहून बघा. मग भिंतीवर मोजपट्टी धरून प्रत्येक बाजूचा फोटो काढा आणि एक प्रत सोसायटीच्या फाइलला लावा.