व्हीपीएन जोडलंय, पण पान उघडत नाही?

बाणेरच्या कॅफेत नाहीतर स्टेशनजवळच्या लॉजवर वायफाय मिळतं, व्हीपीएनचं (आपलं इंटरनेट सांकेतिक करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या अ‍ॅपचं) चक्र मात्र गरगरतच राहतं. आधी व्हीपीएन बंद करा, वायफायचं लॉगिनचं पान उघडून नंबर-ओटीपी टाका, मग पुन्हा चालू करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

तरीही अडलं, तर व्हीपीएन अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये प्रोटोकॉल, म्हणजे जोडणीची पद्धत, बदला. वायरगार्ड ही पद्धत फक्त यूडीपीवर (डेटा पाठवायच्या एका प्रकारावर) चालते आणि काही ऑफिसं, हॉस्टेलं यूडीपी अडवून ठेवतात. त्याऐवजी ओपनव्हीपीएन ही पद्धत टीसीपी या दुसऱ्या प्रकारावर, पोर्ट (जोडणीचा दरवाजा क्रमांक) 443 ठेवून निवडा. वेग जरा मरतो, पण एचटीटीपीएसचंही, म्हणजे नेहमीच्या सुरक्षित वेबसाइटचंही, पोर्ट तेच, त्यामुळे ते सहसा कुणी बंद करत नाही. व्हॉट्सअ‍ॅप चालतंय पण मोठी पानं अर्धवट लटकतात? सोय असेल तर एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याचा कमाल आकार) 1280 करून बघा.

जोडलं गेलं म्हणजे झाकलं गेलं असं मात्र नाही. साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस; ही विचारणा व्हीपीएनबाहेर गळतेय का, हे बघायला व्हीपीएन चालू ठेवून एखाद्या वेबसाइटवर डीएनएस लीक टेस्ट करा. टेस्टमध्ये दिसणाऱ्या सर्व्हरच्या यादीत तुमच्याच ब्रॉडबँड कंपनीचं नाव आलं, तर कुठल्या साइट उघडता हे तिला अजून दिसतंय. अ‍ॅपमधलं लीक प्रोटेक्शन चालू करा, आणि व्हीपीएन आयपीव्ही6 (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) हाताळत नसेल तर लॅपटॉपवर ते बंदच ठेवा. अँड्रॉइडवर 'ऑलवेज-ऑन व्हीपीएन'सोबत 'व्हीपीएनशिवाय कनेक्शन रोखा' हेही लावा. फक्त ते लावलेलं असताना कॅफेचं लॉगिन पान कधी कधी उघडत नाही, तेव्हा तेवढ्यापुरतं काढावं लागतं.

आणि फुकटातलं व्हीपीएन? बँकेच्या कामाला तरी नकोच.