कावळ्यासारखा, पण कावळा नाही? या चुका टाळा

‘काका, कावळ्याएवढाच आहे, पण कावळा नाही. शेपूट लांबलचक. तांबूस आणि काळा. कुठला असेल?’

असे फोन मला वर्षभर येतात. उसाला पाणी पाजणाऱ्या शेतकऱ्यांचे कमी, नवी दुर्बीण घेतलेल्या पोरांचे जास्त. शेतकऱ्याशी बोलून उत्तर सापडतं, कारण त्यानं पक्षी बांधावर बसून निवांत पाहिलेला असतो. पोरांनी दोन सेकंद पाहून तीन फोटो मारलेले असतात.

आधी एक गोष्ट पक्की करा. सातारा-सांगलीत कावळ्याच्या कुळातले नेहमी दिसणारे पक्षी तीनच. राखाडी मानेचा गावकावळा, सगळा काळा डोमकावळा आणि लांब शेपटीचा टकाचोर. हे तिन्ही नाहीत याची खात्री झाल्याशिवाय चौथ्याचं नाव तोंडातून काढू नका.

तांबूस, काळा, लांब शेपूट: एवढ्यावर नाव ठेवणं

या एका चुकीवर मी वर्षानुवर्षं बोलतोय. हे वर्णन टकाचोरालाही लागू पडतं आणि भारद्वाजालाही, आणि भारद्वाज तर कोकिळेच्या कुळातला. रंग कोणते हे सांगून भागत नाही, ते कुठं आहेत हे सांगा. भारद्वाजाचं अंग काळं आणि पंख तांबूस-विटकरी. टकाचोराचं उलटं: डोकं नि मान काळपट, अंग तांबूस, काळ्या पंखावर पांढुरका पट्टा, शेपूट राखाडी आणि तिचं टोक काळं. भारद्वाजाचा डोळा लाल असतो, शेपूट अख्खी काळी.

एका पावसाळ्यात पलूसकडच्या एका पोराचा फोन आला. कृष्णाकाठच्या मळीच्या रानात टकाचोराचं घरटं सापडलं म्हणाला. मी विचारलं, ‘घरटं किती उंचीवर आहे?’ तर ‘बांधावरच्या घाणेरीत, कमरेएवढं.’ तिथंच मला शंका आली. टकाचोर घरटं झाडावर बांधतो. त्याला म्हटलं, मी येईपर्यंत जवळ जाऊ नकोस. पण त्यानं तोवर पाच जणांना कळवलं होतं. मी गाडी काढून पोचलो तेव्हा फोटोसाठी घाणेरीच्या फांद्या बाजूला सारलेल्या, खालचं गवत तुडवलेलं आणि आत भारद्वाजाचं गोल घरटं उघडं पडलेलं. जोडी उसाच्या कडेला घुटमळत होती. पुढचे तीन दिवस मी लांबून पाहत बसलो, पण एकही पक्षी अंड्यांवर परतला नाही. नाव चुकलं तर वहीत खोडता येतं. त्या अंड्यांचं मात्र काही करता आलं नाही आणि ते मला अजून टोचतं.

तेव्हापासून मी रंगाच्याही आधी विचारतो, ‘चालत होता की फांदीवर होता?’ भारद्वाज बांधावरून, कुंपणाच्या बुडाशी चालत किडे, सरडे, गोगलगायी टिपतो आणि उडाला तर जड अंगानं थोडंसंच उडतो. टकाचोर झाडातला. फांद्यांतून सरसर फिरतो आणि उडताना भराभर पंख मारून मग तरंगत जातो.

नावात कावळा म्हणून कुळात कावळा

भारद्वाजाला कुंभारकावळा म्हणतात, म्हणून तो कावळा होत नाही. पाणकावळाही नाही. जुन्या इंग्रजी पुस्तकांत नीलकंठाला ‘ब्लू जे’ म्हटलंय, पण खरे ‘जे’ पक्षी कावळ्याच्या कुळातले आणि आपला नीलकंठ त्या कुळातला नाही.

भिजलेला कावळा

जूनमध्ये यवतेश्वरच्या घाटात आमच्यातला एक जण ओरडला, ‘रेव्हन!’ कठड्यावर काळाकुट्ट, पिसं विस्कटलेला पक्षी. त्यानं मोबाइलवर नोंद टाकायला घेतली. रेव्हन म्हणजे सगळा काळा, डोमकावळ्याहूनही मोठा कावळा. भारतात तो भेटतो राजस्थान-कच्छच्या कोरड्या भागात, नाहीतर हिमालयात. मी त्याला पाऊस थांबेपर्यंत बसवून ठेवलं. पाऊण तास गेला. पक्ष्यानं अंग झाडलं, पिसं साफ केली आणि मानेवरचा राखाडी रंग हळूहळू वर आला. गावकावळाच होता. पावसात मानेच्या रंगावर कधीच विसंबू नका, चोच पाहा. डोमकावळ्याची चोच जाड, वरून चांगली बाकदार आणि कपाळ तिच्यामागं एकदम वर चढलेलं. आवाजही घोगरा, खोल.

आकाशातल्या पक्ष्याचा आकार सांगणं

‘कावळ्यापेक्षा मोठा होता’ हे शेजारी कावळा असेल तरच सांगा.

कावळा भरवतोय म्हणजे कावळ्याचंच पिल्लू

उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात कावळ्यामागं चोच वासून फिरणारं ठिपकेदार पिल्लू दिसलं की ‘ठिपक्यांचा कावळा’ म्हणून फोटो येतात. ते कोकिळेचं पिल्लू असतं. ती अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते.

पांढरा कावळाही नवी जात नाही. पिसांत रंगद्रव्य कमी असलेला तो आपला कावळाच.

तीन आवाज, तीन पक्षी

सागरेश्वरला एका नवशिक्यानं झाडीकडं आवाज ओळखणारं मोबाइल ॲप धरून पाच मिनिटांत तीन नावं काढली. झाडावर टकाचोरांची एक जोडी होती. हा पक्षी घशातून खरखरतो आणि लगेच गोड, घंटेसारखी साद घालतो. ॲप वापरायला माझी ना नाही, पण आवाज काढणारी चोच डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी वहीत नाव लिहीत नाही. आणि पक्षी बाहेर यावा म्हणून त्याचाच आवाज मोबाइलवर वाजवणारा माझ्याबरोबर रानात येत नाही. वीण चालू असताना तो पक्षी हातचं काम टाकून नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो.

नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी पहिला महिना फक्त कावळे पाहायला लावतो. सकाळी मंडईत गावकावळे आणि रविवारी महाबळेश्वरच्या झाडीत डोमकावळे. कॅमेरा घरी ठेवायचा. वहीत चोच, कपाळ, मान, आवाज आणि चाल एवढंच लिहायचं. बरीच पोरं दुसऱ्या आठवड्यात यायची थांबतात. जी टिकतात, ती फोनवर रंगाआधी पक्षी काय करत होता ते सांगतात.