रद्दीच्या लगद्याच्या तक्त्यांना बुरशी येत होती, ती अशी थांबली

पत्र्याचा ताप अडवायला छपराखाली लावण्यासाठी रद्दीचे तक्ते केले होते. वाळता वाळता काळे ठिपके आणि आंबूस वास. मैद्याची खळ बंद केली, ऊन बदललं, बुरशी रोखायला घालत होतो तो टाकणखार (बोरॅक्स) दुप्पट केला, फरक शून्य. वैताग आला होता.

कारण साधं होतं: टाकणखार भिजवणीच्या पाण्यात पडायचा आणि लगदा पिळताना त्याच पाण्याबरोबर मोरीत जायचा.

आता क्रम असा. चकचकीत कागद वगळून १ किलो रद्दी फाडून रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, घुसळा, जुन्या धोतरात घट्ट पिळा. मग १ लिटर कडकडीत पाण्यात १०० ग्रॅम टाकणखार, ५० ग्रॅम बोरिक ॲसिड पूर्ण विरघळवून, हातमोजे घालून लगद्यात मळा. यानंतर पिळायचं नाही, हेच महत्त्वाचं. खळ नको, कागदाचे तंतू आपसात धरतात. जाळीवर इंचभर थापा, कडक उन्हात उलटसुलट वाळवा. कोकणातल्या पावसाळ्यात हा उद्योग करूच नका.

टाकणखार आणि बोरिक ॲसिड कागदाला पेटूही देत नाहीत, म्हणून लावण्याआधी एक तुकडा अंगणात काडीने पेटवून पाहा: काळा पडावा, पण ज्योत धरू नये. तक्ता पत्र्याला चिकटवू नका, मध्ये बोटभर फट ठेवा. पहाटे पत्र्याला आतून पाणी सुटतं.